डिस्क फोडणारे मास्तर

गिऱ्हाईक माझ्या पायरीवर उभं असायचं, नव्या डिस्कचा खोका त्याच्या काखेत, हात पाकिटाकडे गेलेला, आणि नेमका त्याच वेळी शेजारून आवाज यायचा, "काहून घेऊन राह्यला बे नवीन? जुनी कुठं आहे? आण इकडे, पाहू दे पहिले!"

झालं. बसला माझा धंदा.

बालाघाटला गोंदिया रोडवर माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्याच्या भिंतीला भिंत लावून मास्तरांचं लेथचं दुकान होतं. होतं म्हणतो, कारण मास्तर आता नाहीत, आणि तिथं मोबाईलचे कव्हर विकणारा एक जण बसतो. तो फार सभ्य आहे. माझं एकही गिऱ्हाईक पळवत नाही. त्याच्याशी दोन शब्द बोलावेत असं मला कधी वाटलेलं नाही.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रेक दाबला की चाकाच्या आतली लोखंडाची एक जाड थाळी दोन्ही बाजूंच्या पॅडांनी आवळली जाते आणि गाडी थांबते. ती थाळी म्हणजे डिस्क. ती झिजते, तिच्यावर चरे पडतात, तापून तापून ती कुठं जाड कुठं पातळ होते. मग ब्रेक मारला की पायाखाली धडधडतं, स्टेअरिंग थरथरतं. अशी डिस्क लेथवर चढवून दोन्ही बाजूंनी बारीक पापुद्रा काढला, म्हणजे 'कट' मारला, की पुन्हा आरशासारखी सपाट होते. पण दर खेपेला लोखंड कमी होतं. किती कमी झालेलं चालेल तो आकडा कंपनीनं डिस्कच्या अंगावरच ओतून ठेवलेला असतो. त्याच्या वर असेल तर घासा, खाली गेली असेल तर फेका. एवढी साधी गोष्ट. आणि एवढ्या साध्या गोष्टीवरून माझ्या शेजारी माणसं एकमेकांच्या कॉलरला हात घालताना मी पाहिली आहेत.

कारण मास्तर. वाळकी, उंच मूर्ती. चष्म्याला दोरी. शर्टाच्या खिशात जाडी मोजायचं मायक्रोमीटर, तेही मऊ फडक्याच्या पिशवीत घातलेलं, बायका मंगळसूत्र ठेवतात तसं. दुकानात लेथ, ड्रिल, एक बाक हत्यारांचा. बसायला काही नाही. स्टूल नाही, खुर्ची नाही, पालथी घातलेली बादलीसुद्धा नाही. मी एकदा माझ्याकडचं जास्तीचं स्टूल देऊ केलं, तर माझ्यावरच उखडले.

"राहू द्या शेठ तुमच्याजवळ. माणूस बसला का गोष्टी करते. गोष्टी केल्या का ओळख निंघते. अन् ओळख निंघाली का आकडा हलते."

मला ते शेठ म्हणायचे. त्यात आदर किती आणि टोमणा किती ते शेवटपर्यंत मला कळलं नाही. बाकी सगळ्या जगाला 'काय बे'. राइस मिलचा मालक असो की ऑटोवाला, वकील असो की खैरलांजीचा शेतकरी. एका वकीलसाहेबांनी "जरा तमीज से बात कीजिए" असं म्हटलं, तेव्हा मास्तरांनी त्यांची डिस्क लेथवरून उतरवली, त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "तमीज पाहिजे असन त मिठाईच्या दुकानात जा बे." वकीलसाहेब गेले, आणि दोन दिवसांनी परत आले. काय करणार? गावात दुसरे लेथवाले होते की. पण ते कोणतीही डिस्क घासून द्यायचे, अगदी पापडाएवढी राहिलेलीसुद्धा. आपली बायकापोरं ज्या गाडीत बसतात तिची डिस्क माणूस मास्तरांकडेच आणायचा.

आता मी चिडायचो ते का, तेही ऐका. मी नवीन विकणारा, ते जुनं घासणारे. सरळ वैर असतं तर बरं झालं असतं, माणूस त्याची तरी सवय करून घेतो. पण हा बाबा कोणाच्याच बाजूचा नव्हता. माझ्याकडे नवीन घ्यायला आलेल्याला म्हणायचा, "नवीन नको, घासून देतो." आणि त्याच्याकडे घासायला आलेल्याला म्हणायचा, "हे मेली. मढ्यावर कट मारू का मी? शेठकडून नवीन घे." सकाळी माझं गिऱ्हाईक तोडायचा, दुपारी स्वतःचं माझ्याकडे पाठवायचा. धड भांडूही देत नव्हता.

एकदा वारासिवनीचे एक गुरुजी आले. नवीकोरी वाटणारी गाडी, पण ब्रेक मारला की स्टेअरिंग हलतं. मिस्त्रीनं सांगितलेलं, दोन्ही डिस्क बदला. मी खोके काढले, धूळ पुसली, बिल लिहायला घेतलं. मास्तर आले. गुरुजींच्या जुन्या डिस्क उचलल्या, चारी बाजूंनी मोजल्या, नख फिरवलं.

"डिस्कले काही झालं नाही. जिच्यावर बसते ते जागा पाह्यली का?"

मग मिस्त्रीला बोलावून चाकाची आतली बाजू उघडायला लावली. डिस्क जिथं बसते तिथं गंजाचे पोपडे धरले होते. त्या पोपड्यांमुळे चांगली डिस्क तिरकी बसत होती. मास्तरांनी सँडपेपरनं ती जागा घासायला लावली, तीच डिस्क परत बसवली, गुरुजी एक चक्कर मारून आले आणि हसत हसत निघून गेले. खोके माझ्या काउंटरवर तसेच. मी म्हटलं, "मास्तर, तुमच्या हाताला काय लागलं ह्यात? ना तुमचा कट, ना माझी विक्री."

"गाडी सुधरली नं?" म्हणाले, आणि गेले आपल्या लेथकडे. मी त्या दिवशी घरी जाऊन विनाकारण भाजीत मीठ कमी आहे म्हणून भांडलो.

मेलेल्या डिस्कचं ते काय करायचे, त्यानं तर त्यांना गावभर बदनाम केलं. फोडायचे. लोखंडी ठोकळ्यावर ठेवून घणाचा एक घाव. ओतीव लोखंड ते, काचेसारखं तडकतं. गिऱ्हाईक डिस्क हातात देण्याआधीच त्याला विचारायचे, "मेली असन त फोडीन. कबूल आहे का?" बहुतेक लोक हसून हौ म्हणायचे. मग घाव पडला की बोंबलायचे. का फोडता म्हणून विचारलं तर मास्तरांचं उत्तर ठरलेलं, "मी नाही म्हटलं म्हून हा दुसऱ्याकडे जाईन, तो घासून देईन, अन् हा बैहरच्या घाटातून उतरन. मले माहीत आहे नं माणसाची जात!"

बैहरचा घाट हे मास्तरांचं देवस्थानच म्हणा. बालाघाटच्या सपाटीवर कोणत्याही डिस्कवर गाडी चालते. पण गांगुलपाऱ्याच्या पुढं रस्ता जंगलातून वर चढतो, आणि येताना तोच रस्ता वळणावळणानं खाली. भरलेली गाडी घेऊन उतरलं की डिस्क तापते. जाड डिस्क ती आच झेलते. पातळ झेलू शकत नाही. लाल होते, ब्रेक दाबत राहावं आणि गाडी ऐकू नये असं होतं.

आणि आमचे लोक! घाटातून गाडी उतरवायची आणि तशीच्या तशी वैनगंगेत घालायची. नदीच्या उथळ पाण्यात गाडी धुणं ही इथली जुनी आवड आहे. बैल धुवायचे तशा गाड्या धुतात. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकडी झालीच म्हणून समजा. दसऱ्याच्या सकाळी तर नदीवर जत्राच असते, पूजेआधी प्रत्येकाला गाडी चकाचक पाहिजे. त्या सकाळी मास्तर सायकल घेऊन नदीच्या उतारावर उभे राहायचे. आलेल्या प्रत्येक गाडीसमोर आडवे. "थांब! कुठून आला बे? डिस्कले हात लावून पाह्य! थंडी होऊ दे पहिले!" लोक हॉर्न वाजवायचे, शिव्या घालायचे, नवीन पोलीसवाला एकदा त्यांना वेडा समजून बाजूला घेऊन गेला. दरवर्षी हा तमाशा. मी एकदा म्हटलं, "मास्तर, वाकड्या झाल्या तर तुमच्याकडेच येतील ना. तुमचंच काम वाढेल." माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच विषय बदलला.

लग्नातही तेच. नवा पांढरा पायजमा घालून यायचे, आहेर द्यायचे, आणि जेवणाच्या पंगतीआधी दिसेनासे व्हायचे. शोधायला जावं तर बाहेर उभ्या गाड्यांच्या रांगेत उकिडवे बसलेले. चाकाच्या फटीतून बोट आत घालून डिस्कची कड चाचपताहेत. घासून घासून मधला भाग खोल गेला की कडेला ओठासारखी धार उभी राहते, ती त्यांना बोटाला कळायची. मग भर मांडवात येऊन वधूपित्याला, "काहो, तुमच्या जावयाची गाडी घाटातून आणू नका." एका ठिकाणी ह्यावरून वरातीत बाचाबाची झाली. त्यांचं बोट एकदा चांगलंच भाजलं, तरी सवय गेली नाही.

देवमाणूस होते असं मात्र मी म्हणणार नाही. फार तिरसट. बाकी गोष्टींत तर अकलेचा आनंदीआनंद. कोणती पार्टी जिंकेल, पाऊस कधी येईल, कोणतं औषध कशावर चालतं, सगळं छातीठोक सांगायचे आणि सगळं चुकायचं. आणि चुकलं की मान्य करायचं नाव नाही. आणि डिस्क पास झाली तरी माणूस सुटायचा नाही. काम झाल्यावर भाषण. तू पाय ब्रेकवर ठेवून चालवतो, हे पाह्य निळे डाग. पॅड संपल्यावर आला, हे पाह्य चरे. एकीकडचीच घासून दे म्हणतो, अबे दोन्हीकडची संगच घासाव लागते, नाही त गाडी एका बाजूले ओढते. माणूस उभ्या उभ्या ऐकायचा, बसायला तर काही नव्हतंच. डिस्क घ्यायची, मान खाली घालायची, निघायचं. मला वाटायचं, हा माणूस काम करतो ते शिव्या घालायला मिळाव्यात म्हणून.

ह्या सगळ्यातून एकच माणूस सुटला होता. मास्तरांचा भाचा.

आता आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी, पुण्या-मुंबईच्या वाचकाला नवल वाटेल. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. मामाचे केस पांढरे असोत, भाचा शाळकरी असो. भाचा म्हणजे बहिणीच्या घरचा देव. त्याला उलट बोलायचं नाही, त्याला रडवायचं नाही, तो काही मागेल तर नाही म्हणायचं नाही. मास्तर तर ह्यात जास्तच कट्टर, कारण त्यांची आई लहानपणी गेली आणि मोठ्या बहिणीनं त्यांना कडेवर वाढवलं. तिला ते बाई म्हणायचे. ती रामपायलीला दिलेली. नवरा लवकर वारला. तिला हा एकच मुलगा.

मुलगा म्हणजे तेव्हा तिशीचा गडी. जीन्सची पँट, गॉगल, आणि कान्हाच्या जंगलात येणाऱ्या पर्यटकांना नेण्या-आणण्यासाठी मोठी गाडी. तो दुकानासमोर उतरला की मास्तर लेथ बंद करायचे, हात पुसायचे, आणि भर रस्त्यात वाकून त्याच्या पाया पडायचे. तो लाजेनं लाल. "मामा, राहू द्या ना, लोक पाहून राह्यले!" मग मास्तर माझ्या दुकानातून खुर्ची न्यायचे, हो, खुर्ची! आणि साऱ्या जगाला 'काय बे' म्हणणारा हा माणूस त्या पोराला म्हणायचा, "बसा. तुम्ही चहा घेता का?"

त्या वर्षी पावसाळ्यानंतर जंगल नुकतंच उघडलं होतं. गाड्यावाल्यांच्या कमाईचे दिवस. भाचा आला तो पोत्यात गुंडाळलेल्या दोन डिस्क घेऊन. आधी माझ्याकडे विचारून गेला होता. त्याच्या गाडीच्या डिस्क माझ्याकडे नव्हत्या, मी नागपूरहून मागवतो म्हटलं, उद्या सकाळच्या पार्सलनं येतील. तो म्हणाला, मागवा, पण मला उद्या पहाटेच निघायचंय. मी एक ड्रिल बिट आणायला म्हणून मास्तरांकडे गेलो तेव्हा पाया पडणं, खुर्ची, सगळं झालं होतं.

"मामा, घाटावरच्या मुक्की गेटहून पार्टी आणाची आहे उद्या. मोठी फॅमिली आहे. स्टेअरिंग लय थरथरते. एक हलका हात मारून द्या. परवा बदलतो नं."

मास्तरांनी पिशवीतून मायक्रोमीटर काढलं. एका जागी मोजलं. डिस्क फिरवून दुसऱ्या जागी. मग परत पहिल्या जागी. डिस्कच्या अंगावरचा आकडा अंगठ्यानं पुसला, चष्मा वर केला, वाचला. मी दारात उभा होतो. घण ठोकळ्याजवळ ठेवलेला होता. मला वाटलं, आता उचलतात.

नाही उचलला. डिस्क लेथवर चढवली. मशीन सुरू झालं. करकरीत आवाज, खाली चुऱ्याच्या बारीक कुरळ्या. एक बाजू, दुसरी बाजू, मग दुसरी डिस्क. दोन्ही चकचकीत झाल्या. मास्तरांनी त्या फडक्यानं पुसल्या, पोत्यात गुंडाळल्या, भाच्याच्या हातात दिल्या, पुन्हा पाया पडले. भाचा क्षणभर उभा राहिला, काहीतरी ऐकायची वाट बघितल्यासारखा. मग गेला.

"मास्तर," मी म्हटलं, "आकडा किती होता?"

त्यांनी झाडू घेतला आणि चुरा झाडायला लागले. त्या दिवशी दुकान दिवसाउजेडीच बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मी शटर उघडायला गेलो तर मास्तर पायरीवर उभे. दाढी नाही, शर्ट कालचाच. "पार्सल आलं का?" आलं होतं. खोका त्यांनीच फाडला. आणि पाहा माणूस, नवीकोरी डिस्क, तरी आधी मायक्रोमीटर लावून पाहिलं. मग म्हणाले, "शेठ, गाडी काढा. हात जोडतो."

मास्तर कोणाला हात जोडतात हे मी पहिल्यांदा ऐकलं. मी गाडी काढली.

गाडी गावाबाहेर पडली तेव्हा बोलले. "खाली होती. कट माराच्या आधीच आकड्याच्या खाली होती. त्याच्यावर म्या कट मारला."

"मग नाही का नाही म्हणालात?"

"भाचा आहे शेठ. त्याले नाही कसा म्हणू?" खिडकीची काच खाली केली, परत वर केली. मग, "मले वाटलं, हलका हात मारीन. मले वाटलं, परवा त बदलनच तो. सगळे गिऱ्हाईक जे म्हणतात ते सगळं मले वाटलं."

फोन लावत होते सारखा. पलीकडून तीच बाई, नेटवर्क क्षेत्राच्या बाहेर. जंगलात फोन लागतच नाहीत. जाताना भाच्याची गाडी रिकामी आणि चढाची, त्याची भीती नव्हती. भीती उतरताना होती, माणसांनी भरलेली गाडी घेऊन. तो उतरायच्या आत आम्हाला वर पोचायचं होतं. समोरून घाटातून उतरणारी प्रत्येक गाडी मास्तर काचेला नाक लावून बघायचे. एक पांढरी मोठी गाडी वळणावरून आली तेव्हा त्यांनी माझा हात इतक्या जोरात धरला की स्टेअरिंग वळलं. ती दुसरीच निघाली. मी ओरडलो, "मास्तर, आपणच जाऊ खाली!" ते म्हणाले, "तुमच्या मागच्या ब्रेकचा आवाज येऊन राह्यला, दाखवजा मले." अशा वेळी! मला हसू आलं आणि रडूही आलं, खरं सांगतो.

घाटाचा चढ संपतो तिथं, वर, चहाची एक टपरी आहे. तिच्या बाजूला झाडाखाली भाच्याची गाडी उभी होती. चाकांमागे दगड लावलेले. बाकावर भाचा एकटाच, हातात थंड झालेला चहा.

मी गाडी पुरती थांबवण्याआधीच मास्तर उतरले. पाया पडायला गेले नाहीत. आधी गाडीभोवती फिरले, खाली वाकून चाकं पाहिली, आत पाहिलं. रिकामी.

"पार्टी कुठं आहे?"

"दुसऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत बसवून देली मामा. उतरले ते खाली."

"काहून? ब्रेक लागत नव्हता का?"

"मस्त लागून राह्यला. लोण्यावानी."

"मंग?"

भाचा जमिनीकडे बघत होता. मोठा माणूस, पण चेहरा एकदम लहान झालेला. "तुम्ही काल मले काहीच बोलले नाही, मामा."

मास्तरांना समजलं नाही. मलाही नाही.

"लोकाइले घंटाघंटा बोलता तुम्ही. पाय कुठं ठेवतो, नदीत काहून घालतो, पॅड काहून नाही बदलले. मले एक शब्द नाही. चढतानी काही वाटलं नाही. येतानी इथं चहाले थांबलो. मागं दोन लेकरं बसले होते, गाणे म्हणत. समोर उतार दिसला. अन् मले एकदम आलं डोक्यात. मामा चूप काहून होते?"

मास्तरांची मान हलायला लागली. आणि मग फुटले. असे फुटले की टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

"अबे गाढवा! आकडा वाचता येत नाही का तुले? डोळे फुटले का? मामा देते म्हून घेशील का बे? मामानं जहर देलं त खाशील का? पोत्यात गुंडाळून आणते डिस्क, लाज नाही वाटत? एवढी गाडी चालवते, मोजाचं यंत्र नाही घेता येत? अन् पाय! पाय काहून ठेवते ब्रेकवर? काल निळे डाग म्या पाह्यले नाही का? आंधळा आहो का मी?"

तू! बे! गाढव! भाच्याला! आयुष्यात पहिल्यांदा. दोन ट्रकवाले चहा सोडून बघत होते. आणि भाचा, तो तिशीचा गडी, बाकावर बसून रडत होता आणि हसत होता, आणि मध्ये मध्ये म्हणत होता, "हौ मामा. हौ. बोला अजून."

डिस्क तिथंच बदलल्या. मास्तर पाना घेऊन बसले, तो भाच्यानं काढून घेतला. भाच्यानंच नट सोडले, मास्तर वरून सांगत होते. आधी बसायची जागा सँडपेपरनं घास. नीट घास. अजून. काढलेल्या दोन्ही डिस्क त्यांनी रस्त्याकडेच्या दगडावर आपटून फोडल्या. मग भाचा पुढं आणि आम्ही मागं, घाट उतरलो. सावकाश. मास्तर त्याच्या मागच्या लाल दिव्यांकडे बघत होते, ते लागले की ह्यांचा पायही खाली दाबला जायचा.

मला वाटलं, संपलं. बालाघाट आलं, भाचा गावातल्या आपल्या भाड्याच्या खोलीकडे वळला. मी दुकानाकडे वळवणार तोच मास्तर म्हणाले, "रामपायलीले चला शेठ."

"आता? जेवलाही नाहीत तुम्ही सकाळपासून."

"बाईले सांगाव लागन."

"अहो, काय सांगायचं? तो सुखरूप आहे. शहाणा निघाला, उतरला नाही."

"तो उतरला नाही ते त्याचं शहाणपण," मास्तर म्हणाले. "म्या त देली होती नं त्याले."

मी गाडी रामपायलीकडे घेतली. वाटभर धानाची कापणी चालली होती, रस्त्यावर पेंढ्या, ट्रॅक्टर. मास्तर मांडीवर हात ठेवून बसलेले, शाळेत मार खायला निघालेल्या पोरासारखे.

बाई अंगणात बसून सुपात तांदूळ पाखडत होत्या. लहानखुरी, पांढऱ्या केसांची बाई. भावाला अवेळी बघून सूप थांबलं. मास्तर अंगणाच्या मधोमध उभे राहिले. बस म्हटलं तरी बसले नाहीत. आणि सगळं सांगितलं, एकही गोष्ट न झाकता. आकडा खाली होता. मला दिसला होता. तरी मी कट मारला. भरली गाडी घेऊन तो उतरला असता तर आज बाई तुझं पोरगं घाटात गेलं असतं, आणि ते माझ्या हातानं.

"बाई, म्या मारतच होतो तुह्या पोराले," म्हणाले.

बाईंनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता ह्या रडणार किंवा ह्यांना घराबाहेर काढणार. कोंबड्या येऊन तांदूळ टिपायला लागल्या तरी त्यांनी हाकलल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "काहून देलं पण? तुले माहीत होतं नं?"

"भाचा आहे बाई," मास्तर म्हणाले. "भाच्याच्या पाया पडतो मी. त्याले नाही कसा म्हणू?"

बाई उठल्या. जवळ आल्या, मास्तरांचे दोन्ही हात, काळे, तेलकट, आपल्या हातात घेतले आणि गदागदा हलवले, लहान पोराला हलवावं तसे.

"अरे येड्या," त्या म्हणाल्या, "पाया पडाले सांगतलं होतं तुले. ऐकाले कोणं सांगतलं?"